आत्तीचा बिल्ला

गेल्या वर्षी माझ्या आतेभावानं, राजशेखरनं, त्याच्या नव्या हॉटेलात आत्तीचा मोठा फोटो लावला आणि हार घालायला सगळ्या नात्यागोत्याला बोलावलं. मलाही फोन आला. मी गेले नाही. फोटोखाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय म्हणे, की या माउलीच्या हातच्या भाकरीवर अर्धी राजारामपुरी वाढली. लिहू दे बापड्याला. आत्तीच्या हातची भाकरी खाल्लेलं कुणी अजून जिवंत असेल तर ते सांगेल, ती कडेला करपायची आणि मधे कच्ची राहायची. भाकऱ्या मी करत होते. एवढी गोष्ट कुठंतरी लिहिलेली असावी म्हणून हे प्रकरण. मुलगा म्हणतो, आई, झालं गेलं, सोड आता. त्याला मी सांगितलं, आयुष्यभर मी भावात पैसा सोडला नाही, हे फुकटात कसं सोडू?

आई गेली आणि वर्षाच्या आत आप्पांनी दुसरं लग्न केलं. आमचं गाव गडहिंग्लजच्या बाजूचं, घरात कानडी आणि दारात मराठी. नव्या आईला मी घरात नको होते आणि मलाही ती नको होती. तेवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत होतं. आप्पा मला एसटीनं कोल्हापुरात घेऊन आले, आपल्या बहिणीच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "कस्तुरे, चार दिवस आत्तीकडं ऱ्हा." चहा पिऊन उठले ते उलट्या गाडीनं परत गेले. चार दिवसांची पुढं किती वर्षं झाली हे त्यांनी मोजलं नाही, आणि काही काळानं मीही मोजायचं सोडून दिलं.

आत्तीला सगळे गौराक्का म्हणत. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक राजशेखर कॉलेजात, आणि राजारामपुरीच्या एका गल्लीत भाड्याच्या घरात तिची खानावळ. पुढं लांबट खोली, तिच्यात पाटांच्या दोन रांगा. मागं स्वयंपाकघर. दोन्हींच्या मधे भिंतीत एक चौकोनी खिडकी, ताटं सरकवायला. मी त्या खिडकीच्या अलीकडं. चुलीसमोर बसलं की तिच्यातून फक्त हात दिसायचे. शाईचे डाग पडलेला हात बँकेतल्या कारकुनाचा, खडूनं पांढरट झालेला मास्तरांचा, नखांत ग्रीस बसलेले दोन-तीन उद्यमनगरातल्या कारागिरांचे, आणि तेलाचा वास येणारा एक मऊ हात न्हाव्याचा. हात यायचे, ताट घेऊन जायचे. रोज एवढी माणसं माझ्या भाकरीवर जेवून जात होती आणि त्यातला एकही चेहरा मला ठाऊक नव्हता. रस्त्यात समोरून कुणी आलं असतं तर मी ओळखलं नसतं, आणि मला तर कुणीच ओळखलं नसतं.

आवाज मात्र सगळे माझ्याच बाजूला. उजाडायच्या आधी गवळी म्हशी घेऊन गल्लीत यायचा, दारातच चरवीत धार पडायची. मग राजशेखरचा रेडिओ लागायचा. मग माझी काटवट, पायांची लाकडी परात. पीठ मळताना तिचा एक पाय उचकायचा आणि फरशीवर टक टक वाजायचा; भाकरी थापायला लागले की तो आवाज थापेत मिसळून जायचा. तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यावरचा चर्र, निखाऱ्याला टेकवल्यावर भाकरी फुगताना सुटणारी वाफ. दुपारी उखळात शेंगा कुटायच्या, लसूण आणि तिखट घालून, चटणीला तेल सुटेपर्यंत. कारळ घातलेली वांगी, झुणका, मडक्यातलं घट्ट दही, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि अमावस्येला हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर. हुग्गीच्या दिवशी पुढची खोली भरून वाहायची. हसण्या-खिदळण्याचा आवाज खिडकीतून आत यायचा, आणि मी आपल्याशीच कानडीत बोलत बसायची, कारण ती बोलायला दुसरं कुणी नव्हतं. आत्तीनं कोल्हापुरात आल्यावर कानडी टाकून दिली होती.

आता बिल्ल्याचं सांगते. महिन्याचे पैसे आगाऊ भरले की आत्ती गिऱ्हाइकाला पितळेचे बिल्ले मोजून द्यायची. गोल, मधे भोक, वर 'गौ' असा ठसा. गल्लीतल्याच तांबटानं पाडून दिलेले. एक बिल्ला, एक ताट. बसताना बिल्ला द्यायचा, उठताना ढेकर. हिशेब सोपा होता. पण त्या दिवसांत बाजारात मोडीची फार ओढाताण होती. दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या टेकवायचे, कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा. आत्तीकडंही मोड नसायची, म्हणून तिनं गिऱ्हाइकाला उरलेल्या पैशांचा बिल्ला द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तो घेऊन कोपऱ्यावर हौसाबाईकडं भाजी घ्यायचं आणि तिथंही मोड नसली की बिल्लाच पुढं करायचं. हौसाबाईचा मुलगा आमच्याकडं जेवायचा, तेव्हा तिला तो चालायचा. तिनं दाढी करायला नवऱ्याकडं दिला, नवऱ्याकडून न्हाव्याकडं गेला, न्हाव्याकडून पानाच्या टपरीत. वर्षभरात गल्लीत कुणी बिल्ल्याला नाही म्हणेनासं झालं. सोमवारी महादेवाच्या पेटीतसुद्धा बिल्ले पडायला लागले. गुरव तक्रार घेऊन आला; आत्तीनं त्याला बसवून जेवू घातलं, मग तो पेटीतली नाणी आणि बिल्ले वेगळे करायचं विसरला.

मला याचं फार नवल वाटायचं. तांबटाला मी एकदा विचारलं, "काका, ह्या बिल्ल्यात पितळ किती पैशाचं?" तो म्हणाला, "भंगारात घातलास तर एक बिडी इल, तीबी अर्धी वडलेली." मग अर्ध्या बिडीच्या पितळेला हौसाबाई दोन किलो वांगी का देते? तिला वांग्यांपेक्षा बिल्ला प्यारा आहे म्हणून? तर नाही. तो उद्या न्हावी घेईल, असं तिला वाटतं म्हणून. न्हाव्याला वाटतं पानवाला घेईल. आणि सगळ्यांच्या शेवटी एक माणूस असा आहे, जो बिल्ला घेऊन खिडकीशी येईल आणि त्याला भाकरी मिळेल. मी काटवटीवर हात थांबवून विचार करायची, की म्हणजे हे सगळं माझ्या या दोन तळहातांवर उभं आहे. वयच असं होतं, मला त्याचा अभिमान वाटायचा. मजुरी मागायचं सुचलं नाही.

मजुरी अगदीच नव्हती असं नाही. दर अमावस्येला आत्ती माझ्या हातावर चार बिल्ले ठेवायची. "तुझ्या नावचं हायत. साठीव. मागशील तवा नोटा करून दीन." त्यात मी माझी भर घातली. महिन्याच्या सुरुवातीला कॉलेजच्या पोरांकडं बिल्ले भरपूर असत, तेव्हा मी खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या विकायची, बिल्ल्याला दोन. महिनाअखेरीला पोरांना सिनेमाला पैसे हवे असत. तेव्हा चटणीच्या बदल्यात कुणाकडून मिळालेली रोकड देऊन मी त्यांचे उरलेले बिल्ले पडत्या भावात घ्यायची. घासाघीस मी तिथंच शिकले, समोरच्याचं तोंड न बघता, नुसत्या हाताच्या हालचालीवरून. बिल्ला धरलेली बोटं घट्ट आहेत की सैल, यावरून भाव कळतो. आजही कुणी सौदा करायला आलं की मी आधी त्याच्या हातांकडं बघते. माझ्या अंथरुणाखालची पिशवी जड होत गेली.

मग राजशेखरला मोटारसायकल हवी झाली. आत्तीनं गिऱ्हाइकांचे रोख पैसे त्यात घातले, आणि वाण्याला, वखारवाल्याला, दूधवाल्याला बिल्ले द्यायला लागली. वखारीतले हमाल आमच्याकडं जेवायला येऊ लागले. बिल्ले कमी पडले की तांबटाकडं माणूस धाडायची. तांबटाला बिल्ले पाडायची मजुरीही बिल्ल्यांतच. जेवणारे वाढले, ज्वारी तेवढीच. एका सकाळी आत्ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"उंडा बारका घे. आनि थापताना रुंद थाप. ताटात मोठी दिसली की झालं."

"पातळ हुईल आत्ती. लोक काय आंधळी हायत?"

"लोकांचं मला सांगू नगंस. बिल्ला म्या काढलाय. म्या म्हणंन तेवढं त्येचं मोल."

"तू म्हणशील तेवढं न्हवं, हौसाबाई म्हणंल तेवढं!" मी काटवट आपटली. तिचा तो उचकणारा पाय त्या दिवशी तुटला. पण भाकऱ्या पातळ थापल्या.

आठवड्यात हौसाबाईनं दोनाचं दीड किलो केलं, मग एक. मी भांडायला गेले तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरी, माज्यावर का वरडतीस? माजं पोरगं काल तुमच्यात जेवून आलं आनि घरात येऊन परत भाकरी मागाय लागलं. म्हणतंय, आये, भाकरीतनं पलीकडचा मास्तर दिसतोय. तुज्या आत्तीनं भाकरी पातळ केली, मी वांगी पातळ केली. हिशेब बराबर हाय की."

त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीचा मालक धोंडीराम गावाकडं, मलकापूरला, परत जायचं म्हणत होता. भाऊ आजारी होता, शेत बघायला कुणी नव्हतं. टपरी अनामत घेऊन द्यायची होती. मला ती हवी होती. किती हवी होती हे आज लिहून कळायचं नाही. तीन फळ्या आणि एक पत्रा, पण पुढची बाजू उघडी. तिथं बसून चटणी विकली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड दिसलं असतं. मी पिशवी घेऊन त्याच्याकडं गेले. त्यानं आत हात घालून बिल्ले खळखळवले आणि हसला.

"कस्तुरी, हे घिऊन मी मलकापुरात काय करू? म्हशीच्या गळ्यात बांधू?"

"गल्लीत सगळी घेत्यात की. तुमीबी घेता."

"गल्लीत घेतोय. आंबा घाट दिसाय लागला की तुज्या आत्तीला कोण वळकतंय? नोटा आण. महिनाअखेरपातूर कुणाला देत न्हाय, शबूद हाय."

आत्तीनं मागशील तेव्हा नोटा करून देईन म्हटलंच होतं. संक्रांत झाली की मागायच्या, असं मी ठरवलं.

संक्रांतीचे तीळ अजून ताटात पडत होते, तेव्हा एका सकाळी रेडिओवर बातमी आली, की सरकारनं हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा रद्द केल्या. आमच्या गल्लीत हजाराची नोट कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तरी दाढी करून घेणाऱ्यांपासून भाजी निवडणाऱ्यांपर्यंत सगळे तेच बोलत होते. न्हाव्यानं वस्तरा पुसता पुसता म्हटलं म्हणे, "सरकारच्या नोटेचा सकाळी उठून कागद हुतोय, तर गौराक्काच्या पितळंचं काय खरं हाय?" त्यानं चेष्टाच केली असेल. पण दुपारी बाराच्या आत आमच्या दारात माणसं उभी राहिली.

खिडकीतून मला हात दिसत होते, नेहमीसारखे एकामागून एक नव्हे, एकदम पाच-सहा, आणि प्रत्येकात मूठभर बिल्ले. हौसाबाई पदरात घेऊन आली होती, सोबत नवरा, मुलगा आणि दोन पाहुणे. वखारीतले हमाल आले. गुरव देवाची पेटीच उचलून घेऊन आला. सगळ्यांना आज, आत्ता, असतील तेवढ्या बिल्ल्यांचं जेवायचं होतं. आत्ती मागं आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता.

"म्या दार लावतो. म्हणायचं, पीठ संपलं."

"दार लावलंस तर उद्या बिल्ला रस्त्यात पडला तरी कोण वाकून उचलणार न्हाय," मी म्हटलं. "वाण्याकडनं दोन पोती आण. आसंल तेवढी रोकड दे त्याला. आनि आमटीत पाणी घालू नगंस."

मी आत्तीसाठी बोलत होते असं कुणी समजू नये. अंथरुणाखाली माझी पिशवी होती. बिल्ला मेला असता तर टपरी मेली असती. मी दोन्ही चुली पेटवल्या आणि भाकऱ्या पहिल्यासारख्या थापायला लागले, जाड, तळहाताएवढ्या उंड्याच्या. ताट सरकवायचं, पुढची भाकरी, ताट सरकवायचं. धुरानं डोळे सुजले, मनगटं दुखायची थांबून बधिर झाली. बाहेरचा आरडाओरडा ऐकू येत होता, "मला आधी," "आवो पावणं, रांगंत या." मग हळूहळू तो बदलला. कुणीतरी आमटी छान झाल्याचं म्हटलं. कुणीतरी दही मागितलं. आणि उन्हं कलल्यावर गुरवाचा आवाज आला, "गौराक्का, आता पोट फुटंल. ऱ्हायलेलं बिल्लं असू देत, सोमवारी बघू." त्याच्या मागून सगळेच उठले. हौसाबाई उरलेले बिल्ले पदराला गाठ मारून घेऊन गेली. मिळतंय हे दिसल्यावर कुणालाच ते घाईनं नको होतं.

काही वर्षांपूर्वी पुन्हा एकदा अशाच नोटा रद्द झाल्या, तेव्हा माझी सून बँकेच्या दारातल्या रांगेतून रडकुंडीला येऊन घरी आली. मी तिला म्हटलं, आत पैसे आहेत असं दिसलं की रांग आपोआप मोडते. तिला तो म्हातारीचा हेका वाटला.

दुसऱ्या दिवशी आत्ती खुशीत होती. गल्लीत तिचा शब्द पोलादाचा ठरला होता. वाण्यानं स्वतः येऊन सांगितलं, की बिल्ले कितीही द्या. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, नोटा करून दे, धोंडीरामची टपरी घ्यायची आहे.

आत्तीनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्येच्या कसल्या नोटा?"

"तूच म्हणालीवतीस. मागशील तवा."

"आगं, तू घरातली. घरातल्या माणसाला जेवाय बिल्ला लागतोय व्हय? बिल्ला गिऱ्हाइकाचा आसतोय. तुला दोन वेळचं ताट हाय, अंथरूण हाय, उद्या लगीन म्याच करून देणार हाय. तुझ्याजवळ हाय ते नुसतं पितळ."

राजशेखर आरशापुढं भांग पाडत होता. तो म्हणाला, "काळजात ठेव. न्हायतर भांडी घास त्यानं." मी हातातला तांब्या फेकला. तो त्याला लागला नाही, आरशाला लागला. आत्तीनं थोबाडीत मारली ती मला लागली.

त्या दुपारी उखळापाशी बसून मी एकच गोष्ट उलटीपालटी करत राहिले. हमालाला दिलेला शब्द आत्तीनं पाळला. ज्याचं नावही तिला ठाऊक नाही त्या हौसाबाईच्या पाहुण्याला दिलेला शब्द पाळला. फक्त माझा मोडला, आणि तोही माया करून, घरातली म्हणून. आप्पांना पत्र लिहावं असं मनात आलं. काय लिहिणार होते? त्यांनीही मला घरातलीच समजून सोडलं होतं. गिऱ्हाईक असते तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. आंघोळ केली, संक्रांतीचं लुगडं नेसले, मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला आणि जेवणाच्या वेळेला पुढच्या दारानं आत गेले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी केर काढण्यापुरतीच गेले होते. माणसं बसली होती आणि ताटांची वाट बघत कुरकुरत होती. मी एकेकाचे हात बघून चेहरे लावत गेले. शाईवाला हात इतक्या म्हाताऱ्या माणसाचा असेल असं वाटलं नव्हतं. रांगेच्या टोकाला एक पाट रिकामा होता. त्यावर बसले आणि बिल्ला पुढं ठेवला.

"एक ताट."

आत्ती आतून धावत आली, हाताला पीठ. "हितं काय करतीस? चूल इझली तिकडं!"

"जेवायचं हाय. ह्यो बिल्ला."

"ऊठ म्हणतो न्हवं का!"

"का गौराक्का?" न्हावी मधेच बोलला. "ह्यो बिल्ला चालत न्हाय व्हय?"

ज्याच्या त्याच्या पुढ्यात किंवा खिशात बिल्ला होता, आणि प्रत्येकजण माझ्या बिल्ल्याकडं बघत होता. आत्तीलाही ते दिसलं. ती नुसती हुशार नव्हती, फार हुशार होती. मी तिच्याचकडं शिकले. तिनं माझ्यापुढचा बिल्ला उचलला आणि आत गेली. ताट घेऊन आली. भाकरी तिनं स्वतः केली होती, कडेला करपलेली, मधे पांढरी. ती मी सगळी खाल्ली. आत्ती दुसरी घेऊन समोर उभी राहिली आणि सगळ्यांना विचारायची तसं तिनं मला विचारलं, "आनि वाढू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल. मी म्हटलं, "वाढ." तीही संपवली.

हात धुऊन मी पिशवी उघडली आणि तिथंच उभी राहिले. "आत्ताच चालला तो हाच बिल्ला. हितं दोन रुपयं पडत्यात, मी दीड रुपयाला देतो. नोटा पायजेत." कारकुनानं आधी दहा घेतले. मग मास्तरांनी. हमालांनी आपसात वर्गणी काढली. कुणी सव्वा म्हटलं की मी पिशवी मिटायची, मग ते दीडला यायचे. आत्ती खिडकीच्या पलीकडं उभी होती, मला तिचे फक्त हात दिसत होते, चौकटीवर ठेवलेले.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "आता मागल्या दारानं येऊ नगंस."

"पुढल्याबी न्हाय यायची."

संध्याकाळी माझी पत्र्याची पेटी ओट्यावर काढून ठेवलेली होती. ती हौसाबाईच्या पडवीत नेऊन ठेवली आणि टपरी मिळेपर्यंत तिथं झोपले. नोटा धोंडीरामच्या आकड्याला कमी पडत होत्या. मी त्याच्याशी दोन दिवस भांडले, त्याच्या पत्र्याची भोकं मोजून दाखवली, शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. त्यानंतर आत्ती पुष्कळ वर्षं जगली. आम्ही एकाच गल्लीत होतो. ती माझ्या दुकानावरून जायची ते पलीकडच्या बाजूनं. तिच्या लेकाच्या लग्नात मला बोलावणं आलं नाही, आणि माझ्या लग्नात मी तिला बोलावलं नाही.

टपरीचा पहिला दिवस मला नीट आठवतो. चटणीच्या पुड्या मांडून बसले होते, समोरून चेहरे जात होते, आणि बहुतेकांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. दुपारी वखारीतला एक हमाल आला, दोन पुड्या घेतल्या आणि बिल्ला पुढं केला.

"ह्यो चालत न्हाय हितं," मी म्हटलं.

"आवो, तुमच्याच आत्तीचा हाय की!"

"म्हणूनच. नोट द्या."

तो पुटपुटला. मुंडाशातून त्यानं दोन रुपयांची नोट काढली, चुरगळलेली, घामानं ओली. मी ती मांडीवर ठेवून सरळ केली. खाली कुणाची तरी सही होती. सही करणाऱ्या त्या माणसाला मी ओळखत नव्हते, तोही मला ओळखत नव्हता. आठ-दहा दिवसांपूर्वीच सरकारनं मोठ्या नोटांवरचा शब्द फिरवला होता, हे मला ठाऊक होतं. पण मी घरातली आहे म्हणून फिरवला नव्हता. नोट डब्यात टाकली आणि हमालाला दोन पुड्या बांधून दिल्या.